भावाला बासमती, मला धूर

जुनी मोटरसायकल बाळगणाऱ्या माणसाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात, "मेंटेनन्स किती येतो हो?" खरं उत्तर दिलं तर त्यांना पटत नाही. खर्च काहीच येत नाही. दहा रुपयांचा वायसर, वीस-पंचवीस रुपयांची पेट्रोलची नळी, एखादी कॉटर पिन, कधी नुसता पॉलिश पेपरचा तुकडा. क्रँक मोडला, इंजिन बसलं, असं चारचौघांत सांगण्याजोगं भारदस्त काही माझ्या गाडीला होतच नाही. "आज उशीर का?" असं साहेबानं विचारल्यावर "इंजिन बसलं" हे उत्तर शोभून दिसतं. "रबर फुगला" हे दिसत नाही. वस्तू दहा रुपयांची आणि तिच्यापायी अख्खा दिवस जातो, हा हिशोब कुठल्याच हजेरीपटात बसत नाही.

गाडी येझदी. मूळ वडिलांची. घरात वाटणी झाली तेव्हा थोरल्याकडं येळ्ळूरच्या शिवारातलं शेत गेलं आणि माझ्याकडं ही. त्या शेतात बासमती पिकतो. बेळगाव बासमतीचा भात एका घरात शिजला की आजूबाजूच्या चार घरांना कळतं. माझी गाडी चालू झाली की अख्ख्या गल्लीला कळतं. इंजिन टू-स्ट्रोक. त्याला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून पाजावं लागतं, आमचे मेस्त्री सांगतात त्याप्रमाणं लिटरला 40 मिली, आणि ते ऑइल पेट्रोलबरोबर जळून मागून बाहेर पडतं. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. ज्यानं ही योजना केली त्याच्या मनात डाव्या आणि उजव्या शेजाऱ्याला सारखं वागवायचं असणार. समोरच्या अक्का उन्हाळ्यात पापड वाळत घालतात. एकदा त्यांनी गॅलरीतून मुलाला हाक मारून विचारलं, "अरे, आज डासांची फवारणी हाय काय?"

यात कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. आयडियल जावानं म्हैसूरला 1961 पासून गाड्या काढल्या, 1973 पासून त्या येझदी नावानं येऊ लागल्या आणि 1996 साली कारखाना बंद पडला. कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली आणि गाडी अजून बंद पडण्याच्या अवस्थेत का होईना, रस्त्यावर आहे. कंपनीनं आणखी काय करायचं? जे होतं ते वयानं होतं. माझेही गुडघे हल्ली वाजतात, म्हणून मी आईबापांना नावं ठेवत नाही.

गाडी म्हैसूरची म्हटल्यावर आमच्या घरात जन्मानं कन्नड असलेली ती एकटीच. आम्ही सगळे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, तरी आमच्याबद्दल वाद आहे. तिच्याबद्दल नाही. मला एक संशय आहे, की मी देतो त्या शिव्या तिला समजतच नाहीत. गल्लीच्या तोंडाशी एक पानपट्टीवाले आहेत, धारवाडकडचे. मी किका मारून घामाघूम झालो की ते पान बाजूला ठेवून येतात, "चालू आगवल्देन्री?" असं मला विचारतात, गाडीच्या टाकीवर हात ठेवून तिलाही काहीतरी कन्नडमध्ये बोलतात आणि एक किक मारतात. गाडी चालू. हे गृहस्थ स्वतः सायकल वापरतात.

किक मारणं हा या गाडीत स्वतंत्र विषय आहे. किकचा आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या अंगाला. तो आत दाबायचा, वर फिरवायचा, मग त्याची किक होते. चालू झाली की परत खाली आणून गिअर टाकायचा. नवख्याला हे कळत नाही, त्यामुळं गाडीला कुलूप नसलं तरी चालतं. एकदा कुणीतरी रात्री ती उचलायचा प्रयत्न केलेला दिसला. दांडा अर्धवट फिरवलेला होता आणि खाली विड्यांची थोटकं पडली होती. बिचाऱ्यानं बसून विचार केला असावा. बाकी या दांड्याची एक खुबी मात्र मान्य करायला हवी. गिअर टाकताना तोच आतल्या आत क्लचही सोडवतो. त्यामुळं क्लचची केबल तुटली तरी गाडी गिअर बदलत घरी येते. आजच्या किती गाड्यांना हे जमतं? अर्थात आजच्या गाड्यांची केबल इतक्यांदा तुटतही नाही.

आता प्लग. गाडी बंद पडली की पहिला संशय प्लगवर, आणि तो बहुतेक वेळा खरा असतो. टोपी ओढायची, प्लगपाना लावायचा, हाताला चटका बसू न देता सोडवायचा. हातात येतो तो काळा आणि ओला. नीट उजेडाला धरून पाहिलं, तर वरच्या वाकड्या टोकापासून मधल्या काडीपर्यंत कार्बनचा एक तंतू आडवा गेलेला असतो. केसाहून बारीक. डोळ्यांना जवळचं कमी दिसायला लागलं असेल तर तो दिसतही नाही. ऑइल पाजलेल्या इंजिनात असं होतं. ठिणगीनं ज्या फटीतून उडी मारायची, तिथं तिला बिनकष्टाची वाट मिळते. मग ती उडी कशाला मारेल? अडीचशे सीसीचं धूड, माझं आणि सौभाग्यवतींचं वजन धरून, त्या एका तंतूवर अडून राहतं. नखानं तो खरवडायचा, पॉलिश पेपर फिरवायचा, प्लग टोपीत बसवून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी आली तर देव पावला. तांबूस आली तर पॉइंट, म्हणजे ठिणगीचा करंट जोडतोडणारी ती जोडी, बघा. आलीच नाही तर चहा सांगा.

चहा सांगायचं ठिकाण म्हणजे आमच्या मेस्त्रींचं गॅरेज. मेस्त्री माझ्याशी मराठीत बोलतात, फोनवर कन्नडमध्ये, पोऱ्याशी दखनीत आणि गाडीशी काहीच बोलत नाहीत, नुसतं कान लावून ऐकतात. त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे, "सोडून जावा, सांजंला बघू." मी सांजंला गेलो की गाडी जिथं सोडली तिथंच, तशीच. फरक एवढाच, की सीटवर कुणाचा तरी डबा ठेवलेला असतो. "मेस्त्री, बघितलासा काय?" "बघितलो की." त्यांनी खरोखरच बघितलेली असते. हात लावलेला नसतो. एकदा मी जरा आवाज चढवून म्हणालो, "अवो, सकाळपासनं काय केलासा?" ते शांतपणे म्हणाले, "विचार करूलोय." या गाडीवर विचार करणारी माणसं आता गावात फार उरलेली नाहीत, हे ठाऊक असल्यामुळं मी मुकाट्यानं रिक्षा बघितली. तरुण पोरं कॉम्प्युटर लावून गाडीचा बिघाड शोधतात. माझ्या गाडीला कॉम्प्युटर लावायला जागाच नाही.

सुट्या भागांचं सांगायचं तर दुकानदार तीन प्रकार दाखवतो. ओरिजिनल, ओरिजिनलच समजा, आणि चालतंय की. ओरिजिनल म्हणजे कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेला, गंजाचा लेप असलेला तुकडा, आणि त्याची किंमत ऐकून आपणच त्याला हात जोडून परत ठेवतो. पण बेळगावात राहण्याचा एक फायदा आहे. जे कुठंच मिळत नाही ते उद्यमबागेत लेथवर करून मिळतं. फौंड्र्या, मशीन शॉप, टर्नर, फिटर, सगळं एका भागात. तिथल्या एका शेडमध्ये मी जुना झिजलेला बुश कागदात गुंडाळून घेऊन गेलो. तिथला टर्नर हायड्रॉलिकचं काम करणारा, मायक्रोमीटरशिवाय बोलत नाही असा. त्यानं बुश चिमटीत धरून उलटसुलट बघितला.

"किती नग?"

"एक."

"एक हजार?"

"नाही वो, एकच."

त्यानं माझ्याकडं वर बघितलं, मग बाहेर उभ्या गाडीकडं, आणि मशीन बंद केलं. मला वाटलं हाकलणार. तो बाहेर आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "देणार काय?" बुश मात्र त्यानं असा करून दिला, की आता गाडीतला तेवढा एकच भाग मूळच्या मापाचा आहे.

हे "देणार काय" प्रकरण त्रासाचं आहे. गाडी व्यवस्थित चालत असते तेव्हा कुणी विचारत नाही. ती बंद पडून मी घामाघूम होऊन ढकलत असतो तेव्हाच गिऱ्हाईक येतं. रेल्वे गेटवर फाटक पडलेलं, मागं हॉर्न, आणि शेजारचा कारवाला काच खाली करून विचारतो, "गाडी कोडतीरेन्री?" कॉलेजची पोरं तर आणखी पुढची. "अंकल, जरा रेस करा की, रील करूया." मी सांगतो, बाळ, ती चालू झाली असती तर मी ढकलली नसती. ते म्हणतं, "मग ढकलताना करू काय?" 2022 साली नवी येझदी बाजारात आल्यापासून सल्ल्यातही भर पडली आहे. "नवी घे की, तेच नाव, धूर नाही." धूर नसेल तर समोरच्या अक्कांना मी कामावर गेलो हे कळणार कसं, या प्रश्नाला सल्लागारांकडं उत्तर नाही.

अलीकडं रबराचा त्रास वाढला आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि माझ्या गाडीच्या पिढीतले रबर ते डोळ्यांसमोर ठेवून केलेलेच नाहीत. नळी फुगते, मऊ पडते, मग तिचे बारीक कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. जेटचं भोक एवढं बारीक, की ते साफ करायला केबलमधली एक तार सुटी करून घालावी लागते, आणि तीसुद्धा हात न थरथरता. आता हे इथेनॉल येतं कुठनं, तर उसातनं. आमचा जिल्हा उसाचा. चिकोडीकडं माझ्या मामांची उसाची पट्टी आहे. म्हणजे मामांचा ऊस, मामांच्या भागातला कारखाना आणि भाच्याच्या गाडीचा रबर. एकदा जत्रेला गेलो होतो तेव्हा मी हे मामांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बिल अजून निघालं न्हाई बघ. तुझी नळी फुगली म्हंजे माल पोचलाय म्हणायचा."

कागदपत्रांचं थोडक्यात आवरतो. पंधरा वर्षं झाली की नोंदणी नव्यानं करायची, आणि पुढं दर पाच वर्षांनी पुन्हा. दुचाकीची ही फी 2022 च्या एप्रिलपासून तीनशेची हजार झाली आणि 2025 पासून वीस वर्षांवरच्या गाडीला दोन हजार. फीचं काही वाटत नाही. पण चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा फॉर्मला चिकटवायचा असतो. चाळीस वर्षांच्या रंगाचे थर त्या नंबरावर चढलेले. मी घासतोय, घासतोय, उमटतोय फक्त एक आठ, तोही तीन असू शकेल असा. शेवटी मेस्त्रींनी रंग खरवडून दिला, आणि तिथं आता गंज चढतो. पुढच्या वेळी पेन्सिलही लागणार नाही, नंबर आपोआप हाताला लागेल.

सौभाग्यवतींचा या गाडीबद्दल राग नाही. तिनं तिच्यापुरती व्यवस्था लावून घेतली आहे. "गाडीवरनं जाऊया" म्हटलं की ती मुकाट्यानं आवरते, पण पायात चालायचे बूट घालते. गेल्या मे महिन्यात चंदगड तालुक्यात तिच्या माहेरच्या नात्यात लग्न होतं. अंगावर शहापुरी साडी, गळ्यात सगळं ठेवणीतलं आणि खाली पांढरे बूट. मी काही बोललो नाही. हिंडलगा गेलं, सुळगा गेलं, उचगाव फाटा गेला. तुरमुरीच्या पुढं गाडी एकदा खोकली आणि थांबली.

मी प्लगपाना काढेपर्यंत ती रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी होती. मला सांगायला हवं, की 2023 पासून तिचा हिशोब माझ्याबरोबर बसण्याच्या विरोधात गेला आहे. त्या वर्षी कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली आणि महाराष्ट्रात एसटीचं तिकीट अर्धं झालं. आम्ही राहतो सीमेवर. म्हणजे येईल ती बस तिच्या फायद्याची. फुकट नाहीतर अर्धं. पूर्ण पैसे भरून जावं असं वाहन या रस्त्यावर एकच, आणि ते माझं. एसटी आली, तिनं हात केला, खिडकीतनं "सावकाश या" म्हणाली आणि गेली.

प्लग स्वच्छ होता. ही फार वाईट बातमी असते. तोवर माणसं जमू लागली. दुधाचे कॅन लावलेला एकजण थांबला आणि गाडी न बघताच म्हणाला, "कार्बेटरात कचरा आलाय." दुसरा म्हणाला, "प्लग होगेदरी, बेरे हाकरी." तिसऱ्यानं टाकीचं झाकण उघडून आत डोकावून "पेट्रोल हाय न्हवं?" हे स्वतः खात्री केल्यावर मला विचारलं. मग पहिल्या दोघांत जुंपली. एक मराठीत, एक कन्नडमध्ये, आणि दोघांनाही दुसऱ्याचं पक्कं कळत होतं. आमचा सीमाप्रश्न 1956 पासूनचा, सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून आहे. प्लग की कार्बोरेटर हा प्रश्न त्याहून जुना असावा, आणि तो कुठल्याच न्यायालयानं दाखल करून घेतलेला नाही.

बांधावरनं एक म्हातारे काका आले. धोतर, टोपी, कमरेला चंची. सगळ्यांना बाजूला सारून म्हणाले, "माझ्याकडं राजदूत होती." सभा शांत झाली. त्यांनी साइडचं झाकण काढायला लावलं, उकिडवे बसले, पॉइंटमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उघडझाप करून बघितली आणि बोट ठेवलं. पॉइंटला जिथं वायर येते तिथं फायबरचा एक बारका वायसर असतो. शर्टाच्या बटणाहून लहान. वायर बॉडीला टेकू नये एवढंच त्याचं काम. तो तडकून अर्धा गळून गेला होता. "करंट सगळा बॉडीत चाललाय. प्लगला काय येणार, तुझं कपाळ?" वायसर दहाचा. दुकान बेळगावात.

"जाड कागद हाय काय?" काकांनी विचारलं. माझ्या खिशात लग्नाची पत्रिका होती. चांगली चकचकीत, सोनेरी काठाची, पुठ्ठ्याच्या जाडीची. त्यांनी ती बोटांनी चाचपली, मान डोलावली, चंचीतनं अडकित्ता काढला आणि सुपारी फोडावी त्या सराईतपणानं कडेचा तुकडा कातरला. गोल केला. दुधवाल्याकडनं दाभण घेऊन मधोमध भोक पाडलं. तोंडात पान होतं त्यांच्या, त्यामुळं सूचना सगळ्या हुंकारानं. वायसर बसला, नट आवळला, काकांनी हात झटकला. "हां, मार."

मी मारली. गाडी पहिल्या किकला चालू. धुरात सगळी सभा दिसेनाशी झाली, आतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि धूर विरल्यावर दुधवाल्यानं विचारलं, "देणार काय?"

शिनोळी ओलांडली, पाटणे फाटा ओलांडला, हलकर्णी फाट्याशी आलो आणि पुढं कुठं वळायचं ते बघायला पत्रिका काढली. वर गणपती होता. वधूवर होते, मामा होते, आत्या होत्या, चिमुकल्यांचं "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" होतं. मुहूर्त बारा पस्तीस होता. विवाहस्थळ या शब्दापुढं कडेला एक खाच होती, आणि त्या खाचेच्या पलीकडं 'मंगल कार्यालय' एवढंच शिल्लक होतं. कार्यालयाचं नाव आणि गाव माझ्या पॉइंटमध्ये करंट अडवत बसलं होतं. ते काढून वाचायचं तर गाडी बंद.

सौभाग्यवतीला फोन लावला. उचलला नाही. तिकडं बँड चालू असणार. टपरीवर विचारलं, "आज लग्न कुठं हाय वो?" टपरीवाल्यानं तीन दिशांना हात केला. मे महिना. मी वाजंत्रीच्या आवाजावर गाडी घातली. एका कार्यालयासमोर मांडव, अक्षता नुकत्याच पडलेल्या, लोक पंगतीकडं धावणारे. फेट्यातल्या एका गृहस्थांनी हातावर अत्तर लावलं. "या पाव्हणं, उशीर केलासा. मुलाकडचं काय मुलीकडचं?"

"बेळगावचे," मी म्हणालो.

"मग मुलीकडचंच. बसा, बसा."

बसलो. मसालेभात आला, मठ्ठा आला, जिलबी आली. भात बासमतीचा नव्हता, पण उन्हातनं आलेल्या माणसाला चालतो. दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा फोन वाजला.

"अहो, कुठं अडकलात? अजून तुरमुरीतच काय?"

"छे. गाडी पहिल्या किकला चालू झाली. पोचलो कधीच, जेवायला बसलोय."

"कुठल्या पंगतीत? मीच वाढतेय इथं."

तेवढ्यात वाढपी परात घेऊन समोर उभा राहिला, "पाव्हणं, आणखी एक जिलबी घ्या की." मी दोन घेतल्या.